भाडं सहा पौंड, मुदत चार वर्षं: जॉन हॅरोवरच्या कराराचा हिशेब

६ डिसेंबर १७७३ ला जॉन हॅरोवर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या लरविक गावातून बाहेर पडला. खिशात रोख साडेआठ पेन्स आणि गाठोड्यात विकायला घेतलेले विणलेले मोजे वगैरे, सगळा मिळून तीनेक पौंडांचा माल. मागे बायको आणि तीन मुलं. पेशाने छोटा व्यापारी. अक्षर चांगलं, हिशेब पक्का. १७७२ च्या जूनमध्ये लंडनमधली एक पेढी बुडाली होती, तिच्या मागोमाग स्कॉटलंडातली एअरची बँक कोसळली आणि देशभर उधारी आटली. पुढची दोन-तीन वर्षं स्कॉटलंडातून अमेरिकेकडे माणसांची रीघ लागली, त्यामागे हे एक मोठं कारण.

मजल दरमजल करत, वाटेत मोजे विकत हॅरोवर १८ जानेवारी १७७४ ला लंडनला पोहोचला. आठ दिवस त्याने काम शोधलं, अर्ज लिहिले. २६ तारखेला शेवटचा शिलिंग हातात उरला, तेव्हा त्याने सही केली. चार वर्षं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीत शाळामास्तर म्हणून राहायचं. बदल्यात जेवण, बिछाना, कपडे धुऊन आणि सगळ्या मुदतीचे मिळून ५ पौंड. जहाजाचं भाडं अर्थातच माफ. म्हणजे ‘माफ’ हा शब्द वापरायचाच असेल तर.

हॅरोवरची रोजनिशी टिकून राहिली आहे, म्हणून हे प्रकरण टप्प्याटप्प्याने तपासता येतं. अशा माणसांबद्दल एरवी एका ओळीत सांगितलं जातं, की भाड्याला पैसे नसणारा काही वर्षांचे कष्ट लिहून देई आणि समुद्र ओलांडे. ओळ चुकीची नाही, पण ती वाचून वाटतं की वर्षांचा आकडा भाड्यावरून निघत असावा. तसं नव्हतं. भाडं हा या सौद्यातला सगळ्यात किरकोळ आकडा होता.

मराठी वाचकाला असा कागद ‘गिरमिट’ म्हणून माहीत आहे. १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या मजुरांनी ‘अ‍ॅग्रीमेंट’चं केलेलं ते रूप, त्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. (सुताराचं भोक पाडायचं गिरमिट वेगळं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) मॉरिशसचे सुरुवातीचे करार पाच वर्षांचे आणि महिन्याच्या पगाराचे असत. हॅरोवरचा कागद त्याच घराण्यातला, पण दीडशे वर्षं जुन्या शाखेतला. इथे भाडं हे कर्ज, माणसाची मुदत हे तारण, आणि तारण बंदरावर उघड विकता येई.

कागदात काय असे

इंग्रजीत या कराराला ‘इंडेंचर’ म्हणत. शब्दाच्या मुळाशी दात आहेत. एकाच कागदावर दोन प्रती लिहायच्या आणि मधून नागमोडी कापायचं. भांडण झालं की दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. दातांत दात बसले तर कागद खरा. हॅरोवरच्या काळापर्यंत हे छापील फॉर्म झाले होते, वरची कड तेवढी कापलेली. नाव, वय, धंदा, मुदत आणि वसाहत यांच्या जागा रिकाम्या असत. लंडनचा कारकून त्या भरे, बाकी मजकूर सगळ्यांना एकच.

त्या मजकुरात एक शब्द होता, ज्याच्यावर सगळा व्यवहार टांगलेला होता. नोकर स्वतःला बांधून घेई तो कप्तानाला किंवा व्यापाऱ्याला, ‘आणि तो ज्याच्या नावे करून देईल त्याला’. कप्तानाला घरी नोकर नको होता. त्याला हवं होतं ते हे नाव फिरवायचं कलम. पलीकडे पोहोचल्यावर गिऱ्हाईक मिळालं की कागदाच्या पाठीवर दोन ओळी आणि सही, की नोकर दुसऱ्याचा. मालक मेला किंवा कर्जात बुडाला तरी उरलेली मुदत पुन्हा तशीच फिरे. ज्याच्याशी बोलणी झाली तो मालक नव्हे, आणि जो मालक होणार त्याच्याशी बोलणी झालेली नाहीत. लंडनमध्ये तोंडी दिलेली आश्वासनं अटलांटिकमध्येच राहत, ती याच कारणाने. कागदात उतरलं तेवढंच पलीकडे पोहोचे.

हॅरोवरने दोन गोष्टी उतरवून घेतल्या: ‘शाळामास्तर’ हा धंदा आणि ५ पौंड रोख. बहुतेकांच्या कागदात रोख रक्कम नसेच. धंदा लिहिलेला असण्याचं मोल त्याहून मोठं होतं, कारण नुसत्या ‘नोकर’ या शब्दावर तंबाखूच्या शेतात कुदळ हातात येऊ शकत होती.

कायद्याची चौकट अगदीच नव्हती असं नाही. सतराव्या शतकात लंडन आणि ब्रिस्टलच्या बंदरांतून पोरं फूस लावून, दारू पाजून पळवणाऱ्यांचा धंदा जोरात होता. लोक त्यांना ‘स्पिरिट’, म्हणजे भुतं म्हणत. १७१७ च्या इंग्लिश कायद्याने १५ ते २१ वयाच्यांना दंडाधिकाऱ्यासमोर सही करायला लावलं आणि मुदतीला आठ वर्षांची मर्यादा घातली. १७७३ च्या डिसेंबरपासून सरकारने आणखी एक गोष्ट सुरू केली, ती काळजीपोटी मात्र नव्हती. देशातली माणसं आटतात की काय या धास्तीने जकातीचे अधिकारी बंदर सोडणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा आणि जाण्याचं कारण लिहून घेऊ लागले. हॅरोवरचं जहाज नेमकं याच दिवसांत सुटलं.

सहा पौंडांची चार वर्षं कशी होतात

लंडनहून व्हर्जिनियाला डेकखालच्या जागेचं रोख भाडं त्या काळी साधारण ५ ते ६ पौंड. लंडनच्या साध्या मजुराची रोजी साधारण २ शिलिंग. एका पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे ६ पौंड ही ६० दिवसांची मजुरी. जेवणखाण आणि भाड्याची खोली वजा जाता एवढी रक्कम साठायला मजुराला वर्ष-दोन वर्षं लागली असती हे खरं. पण घेतलेलं कर्ज ६० दिवसांच्या मजुरीचं आणि फेड चार वर्षांची, ही तफावत उरतेच. सतराव्या शतकात इंग्लंडची मजुरी याच्या निम्म्याच्या आसपास होती आणि भाडं जवळजवळ एवढंच, तेव्हा चार वर्षांना निदान काही आधार होता. मजुरी वाढली, मुदत मात्र छापील फॉर्मात चिकटून राहिली.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. व्हर्जिनियात मास्तरच्या चार वर्षांची किंमत काय? त्याच वसाहतीत, त्याच सुमारास नॉमिनी हॉलच्या रॉबर्ट कार्टर या बड्या जमीनदाराने फिलिप फिथियन नावाचा प्रिन्स्टनचा पदवीधर मुलांना शिकवायला ठेवला: वर्षाला ३५ पौंड स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटनच्या चलनात, शिवाय खोली, जेवण, ग्रंथालय वापरायची मुभा. चार वर्षांचे १४० पौंड झाले असते. हॅरोवरला ५. फिथियनला लॅटिन-ग्रीक येत होतं, हॅरोवरला इंग्रजी वाचन-लेखन आणि अंकगणित. तेव्हा बरोबरीने मोजणं अन्यायाचं होईल. गृहीत धरू की हॅरोवरची लायकी वर्षाला १५ पौंडांची. तरी चार वर्षांचे ६० होतात. ५ रोख आणि ६ भाड्याचे वजा केले तरी ४९ उरतात.

हे ४९ कुणाच्या खिशात गेले? पहिला संशय कप्तानावर जातो, पण तो फारसा खरा नाही. या बाजारात साध्या नोकराची मुदत १० पौंडांच्या आसपास विकली जाई, कारागिराची त्याहून बरीच जास्त. त्यातून जहाजावरचं खाणं, दलालाची दलाली, बिछाना, कधी कपडे, आणि वाटेत मेलेल्यांचा तोटा काढायचा. कप्तानाला नफा होई, पण ४९ नव्हे.

मोठा हिस्सा विकत घेणाऱ्याकडे जाई, आणि त्याने तो फुकट खाल्ला असंही म्हणता येत नाही, कारण चार वर्षांची जोखीम तो एका दिवसात रोख विकत घेई. नोकर पहिल्याच उन्हाळ्यात तापाने मेला तर पैसे बुडाले. पळून गेला तर शोधायचा खर्च वर. माणूस कामाचा आहे की नुसता बोलका, हे धक्क्यावर उभं राहून कळत नाही. शिवाय मास्तर विकत घेणारे मोजकेच. तंबाखू पिकवणाऱ्या मुलखात शंभर जणांना लोहार हवा असे तेव्हा मास्तर हवा असणारे चार. आणि जहाजाला नदीत उभं राहायला वेळ नसे. खलाशांचा पगार रोज चढतो, परतीचा तंबाखू वेळेत भरायचा असतो. या सगळ्या कारणांनी मुदतीची बाजारातली किंमत तिच्या खऱ्या मोलाच्या खूप खाली पडे. लंडनच्या धक्क्यावर शेवटचा शिलिंग हातात धरून चार वर्षं विकायची, म्हणजे ती सगळ्यात पडत्या भावात विकायची.

सर्वांना सरसकट चार वर्षं हेही व्यापाऱ्याच्या सोयीचं होतं. मुलांना जास्त, कारागिराला क्वचित कमी, पण प्रौढ माणसाला फॉर्मात ‘चार’ हा आकडा जवळजवळ ठरलेला. वाईट माणसाचा तोटा चांगल्याच्या फायद्याने भरून काढायचा आणि प्रत्येकाशी घासाघीस टाळायची. हॅरोवरसारख्या लिहित्या माणसाला हे सरासरीचं गणित सगळ्यात महाग पडलं.

डेकखाली

जहाजाचं नाव ‘प्लँटर’, कप्तान बोअर्स. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत व्यापारी जहाजावर आला तो कारकून आणि डॉक्टर सोबत घेऊन. एकीकडे कारकून फॉर्म भरतोय, दुसरीकडे डॉक्टर एकेकाचं अंग तपासतोय. रोगट माणूस पलीकडे विकला जात नाही, म्हणून तो इथेच उतरवायचा. शेवटी ७५ जण चार-चार वर्षांसाठी कप्तानाच्या नावे लिहिले गेले. तपासणी सहीच्या वेळी होते याचा अर्थ इतकाच, की त्या क्षणापासून माणसाच्या तब्येतीची जोखीम व्यापाऱ्याची होते.

जेवणासाठी माणसांच्या तुकड्या पाडत. एका तुकडीचं मांस, पाव, चीज एकत्र मिळे आणि ती आपसांत वाटून घेई. हॅरोवरच्या तुकडीत दोन पिंप बनवणारे होते आणि एक न्हावी. हे तिघं पुढे पुन्हा येतील.

वादळ झालं की डेकवरची झाकणं ठोकून बंद करत. अशा एका रात्रीचं हॅरोवरचं वर्णन प्रसिद्ध आहे आणि ते सभ्य भाषेत सांगितलं तर खोटं होईल: अंधारात कुणी झोपलेला, कुणी ओकतोय, कुणी जागच्या जागी हगतोय-मुततोय, कुणी शेजाऱ्याशी भांडतोय आणि कुणी स्वतःच्याच पायांना, काळजाला, फुप्फुसांना, डोळ्यांना शिव्या घालतोय. जागेचा अंदाज यायला पेनसिल्व्हेनियाचा १७५० चा कायदा पाहावा. जर्मन प्रवाशांनी भरलेल्या जहाजांतली गर्दी कमी करण्यासाठी तो केला आणि त्यात माणशी बिछान्याचं किमान माप घातलं सहा फूट लांब, दीड फूट रुंद. हे सुधारणेनंतरचं माप.

पुढे जहाजावर ताप पसरला. हॅरोवर लिहिता माणूस, म्हणून कप्तान आणि मेट (कप्तानाचा दुय्यम) यांच्या लिखापढीच्या कामाला लागला आणि बाकीच्यांपासून थोडा वेगळा पडला. ही किरकोळ वाटणारी गोष्ट पुढे उपयोगी ठरली.

फ्रेडरिक्सबर्गचा धक्का, मे १७७४

चेसापीक उपसागरात शिरून, रॅपाहॅनॉक नदीतून वर चढत ‘प्लँटर’ १० मेच्या सुमारास फ्रेडरिक्सबर्गला लागलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी दहा वाजता ते दोन पिंपवाले आणि न्हावी किनाऱ्यावर गेले. विकले गेले नव्हते. ‘ट्रायल’वर गेले होते. गिऱ्हाईक माणसाला घरी नेई, कामाला लावून बघे, पसंत पडला तर पैसे देई, नाही तर परत पाठवी. तपासलेला माल जास्त भावाने जातो, म्हणून कप्तानाचीही हरकत नसे. पिंपवाले पहिल्या दिवशीच का उठले, हे तंबाखूचा व्यापार माहीत असणाऱ्याला सांगावं लागत नाही: व्हर्जिनियाचा तंबाखू लाकडी पिंपांत दाबून भरून जाई, एकेका पिंपात सुमारे हजार रत्तल. पिंप नाही तर पीक गोदामातच.

त्याच रात्री एक नोकर किनाऱ्यावरून दारू पिऊन परतला आणि कप्तान, मेट, बोसन (खलाशांचा मुकादम) सगळ्यांना शिव्या देऊ लागला. त्याला चाबकाने फोडून काढलं, बेड्या घातल्या, अंगठ्यांना शिकंजा लावला. तासाभराने शिकंजा आणि बेड्या काढल्या, मग हातकड्या घालून तोंडात बोळा कोंबून रात्रभर ठेवला. त्याला ठार जखमी करणं कप्तानाला परवडणारं नव्हतं, कारण मुदत अजून विकायची होती. पण उरलेल्या सत्तर जणांपुढे दहशत बसवणंही गरजेचं होतं. शिक्षा त्या दोहोंच्या मापाने बेतलेली दिसते.

१६ मे ला गिऱ्हाइकं आली, त्यांत दोन ‘सोल ड्रायव्हर’ होते. शब्दशः, जीव हाकणारे. नोकर किंवा कैदी घेऊन आलेल्या प्रत्येक जहाजावर जायचं, ठोक भावात कधी सगळी, कधी मूठभर माणसं उचलायची आणि मेंढरांसारखी गावोगाव हाकत नेऊन किरकोळीने विकायची, हा त्यांचा धंदा. कप्तानाला ते सोयीचे असत: उरलेला माल एका फटक्यात जातो. नोकराला ते सगळ्यात वाईट: नदीकाठच्या वस्तीपासून दूर, आतल्या मुलखात, कोण घेईल कुणास ठाऊक. त्या दिवशी त्यांचा भाव जमला नाही, ते काही न घेता परत गेले.

मास्तरला उठाव नव्हता. कारागीर एकेक करून जात होते, हॅरोवर जहाजावरच. इथे त्याची लिखापढी कामाला आली. विक्री पाहणारा व्यापारी अँडरसन याने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि सभ्यपणे सांगितलं, की तुला कारकून किंवा हिशेबनीस म्हणून लावायचा प्रयत्न करतो, नाहीच जमलं तर मास्तर म्हणून. सोल ड्रायव्हरच्या कळपात जाणं आणि व्यापाऱ्याने निवडून एखाद्या घराला सुचवणं, यांत चार वर्षांच्या आयुष्याचा फरक होता. लंडनच्या कागदात त्याची कुठे सोय नव्हती. ती लाभली ती जहाजावर चार महिन्यांत कमावलेल्या ओळखीने.

२३ मे ला सौदा ठरला. घेणारा कर्नल विल्यम डेंजरफील्ड, फ्रेडरिक्सबर्गच्या खाली सात मैलांवर नदीकाठच्या बेल्व्हिडेरा मळ्याचा मालक.

बेल्व्हिडेरा, आणि तोंडी मिळालेली सवलत

शाळेचे तास सकाळी ६ ते ८, मग ९ ते १२, दुपारी ३ ते ६. रोजचे आठ तास, कर्नलचे तीन मुलगे. अन्न चांगलं, वागणूक बरी. मळ्यावरचं शेतीचं काम गुलाम आफ्रिकन माणसं करत आणि हॅरोवरची रोजनिशी वाचताना हे डोळ्यांआड होऊ देऊ नये. विकला तोही गेला होता, पण त्याची मुदत संपणारी होती, ती मुलांना लागत नव्हती, आणि मालकाने करार मोडला तर काउंटी कोर्टात उभं राहायचा हक्क त्याला होता. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्यानुसार गोऱ्या ख्रिस्ती नोकराला उघडं करून फटके मारायला दंडाधिकाऱ्याची परवानगी लागे. शेजारच्या झोपडीतल्या माणसाला यातलं काहीच नव्हतं.

हॅरोवरच्या हिशेबाला कलाटणी मिळाली ती एका परवानगीने. बाहेरची मुलं हवी तेवढी घे, त्यांची फी तुझी, असं कर्नलने सांगितलं. दर माणशी तिमाहीला ५ शिलिंग, व्हर्जिनियाच्या चलनात. म्हणजे एका मुलामागे वर्षाला एक पौंड. व्हर्जिनियाचे १२५ पौंड साधारण १०० स्टर्लिंगबरोबर धरत. दहा मुलं मिळाली तर वर्षाला १० पौंड, स्टर्लिंगमध्ये ८. मूळ करारातले चार वर्षांचे ५ एका बाजूला, एका वर्षाचे हे ८ दुसऱ्या बाजूला. शेजारच्या शेतकऱ्यांची मुलं येऊ लागली. एकाने आपला मुका-बहिरा मुलगा आणला आणि विनवणी केली. हॅरोवरने बघतो म्हटलं आणि घेतला. एक सुतार रात्री आणि रविवारी लिहायला, हिशेब शिकायला येई.

कर्नल उदार होता असं म्हणायला हरकत नाही, पण त्याला यात पदरचा एक पेनी पडत नव्हता. खोली तीच, मास्तर तोच, मुलं समोर तीनऐवजी तेरा. उलट, कमाई होत असलेला माणूस पळून जात नाही. सवलत तोंडी होती, ही मात्र तिची कच्ची बाजू. कर्नलने मनात आणलं असतं, किंवा मुदत दुसऱ्याच्या नावे केली असती, तर ती त्याच दिवशी संपली असती. लंडनमध्ये सही करताना ‘बाहेरचे विद्यार्थी घ्यायची मुभा’ हे चार शब्द फॉर्मच्या समासात लिहून घेता आले असते, तर ते ५ पौंड रोखीपेक्षा जास्त मोलाचे ठरते.

हाच सौदा इतरांचा कुठे फसे

मुदत वाढणं हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. पळून गेलेला नोकर सापडला की व्हर्जिनियात जितके दिवस गैरहजर त्याच्या दुप्पट मुदत वाढे, शिवाय पकडण्याचा खर्च पुढच्या कामातून. शेजारच्या मेरीलँडमध्ये एका दिवसाला दहा दिवस. तिथे महिनाभर पळालेला माणूस परत येई तो दहा महिने जास्तीचे घेऊन. आणि लोक पळत होतेच. १७७५ च्या एप्रिलमध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननहून पळालेल्या दोन नोकरांसाठी, एक सुतारकाम करणारा, एक विटा पाडणारा, ४० डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली.

बायकांचा सापळा वेगळा. नोकर बाईला मुदतीत लग्नाबाहेर मूल झालं तर १७०५ च्या कायद्याप्रमाणे मालकाला एक वर्ष जादा, किंवा हजार रत्तल तंबाखू. हजार रत्तल तंबाखू नोकर बाईकडे कुठून येणार? म्हणजे वर्षच.

कागदाशिवाय आलेल्यांचं सगळ्यात वाईट. ज्यांच्याकडे लंडनचा करार नसे त्यांची मुदत वसाहतीचा कायदा ठरवी: व्हर्जिनियात १६६६ पासून १९ वर्षांवरच्यांना पाच वर्षं, त्याखालच्यांना वयाच्या चोविसाव्यापर्यंत. चौदा वर्षांच्या पोराची झाली दहा वर्षं. वय ठरवायचं कोर्टाने, मालकाच्या समोर. पोर लहान ठरवण्यात कुणाचा फायदा, हे उघड आहे.

शेवटी सुटकेची भेट. १७०५ च्या कायद्यात पुरुषाला १० बुशेल (धान्याचं माप) मका, ३० शिलिंग किंवा तेवढ्याचा माल आणि निदान २० शिलिंगांची बंदूक. बाईला १५ बुशेल मका आणि ४० शिलिंग. सतराव्या शतकातली ५० एकरांची गोष्ट बरेच जण इथे मध्ये आणतात. व्हर्जिनियात माणशी ५० एकर मिळत होती खरी, पण भाडं भरणाऱ्याला. नोकराच्या डोक्यावर मालकाला जमीन मिळे, नोकराला नव्हे.

हॅरोवरला दुसरी वाट होती का? जर्मन कुटुंबं रॉटरडॅमहून फिलाडेल्फियाला येत ती बहुधा मुदत न लिहिता, भाड्याच्या उधारीवर. पोहोचल्यावर नातेवाईक किंवा सावकार शोधायला थोडे दिवस मिळत. नाहीच जमलं तर स्वतः गिऱ्हाइकाशी बोलून, उधारी फिटेल एवढी मुदत ठरवायची. यात मुदतीचा आकडा निदान कर्जाशी बांधलेला असे. पण उधारीला तळ नसे: अर्ध्याहून जास्त प्रवास झाल्यावर नवरा मेला तर त्याचंही भाडं बायकोच्या खात्यावर चढे. एकट्या, लिहित्या, कर्ज फक्त सहा पौंडांचं असलेल्या माणसाला ही पद्धत फायद्याची गेली असती. पण २६ जानेवारीला, शेवटच्या शिलिंगावर, लंडनच्या धक्क्यावर ती मिळत नव्हती. तिथे छापील फॉर्म मिळत होता.

हॅरोवर बायकोला पत्रांतून लिहीत राहिला, की पैसे साठवतोय, तुम्हा सगळ्यांना इकडे आणतो. नव्या कराराने कुणाला बांधायचं नाही, रोख भाडं भरून आणायचं: मोठ्या माणसाचे सहा पौंड, मुलांचे अर्धे धरले तर तिघांचे नऊ, एकूण पंधरा. दहा बाहेरची मुलं, दोन वर्षं. हिशेब जमणारा होता. पण १७७५ च्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये गोळ्या झडल्या, वसाहतींचं ब्रिटनशी स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं, ब्रिटनशी व्यापार बंद पडला आणि नोकर घेऊन येणारी जहाजं नदीत दिसेनाशी झाली. रोजनिशी १७७६ च्या जुलैमध्ये थांबते. चार वर्षं भरायची होती मे १७७८ ला; त्याआधीच हॅरोवर वारला. बायको-मुलं शेटलंडातच राहिली.